ओळख पटली, पुढे काय?

'लोकी' या सुपरहिरो मालिकेच्या पहिल्याच भागात एक छोटासा प्रसंग आहे. काळाचा कारभार पाहणाऱ्या एका अजस्र कचेरीत लोकीला धरून आणलंय. असगार्ड या देवलोकाचा राजपुत्र, आयुष्यभर देव म्हणून मिरवलेला. एक कारकून त्याच्यापुढे कागदांचा भलामोठा गठ्ठा सरकवतो: आजवर तू जे जे बोललास ते सगळं यात आहे, सही कर. लोकी वैतागून काहीतरी बोलतो, तर प्रिंटर आणखी एक कागद बाहेर टाकतो. आत्ताचं वाक्यही नोंदलं गेलं. टेबलावर एक मांजर निवांत पसरलंय.

तिथून तो खाली, पुढच्या खोलीत पडतो. इथला माणूस फॉर्म भरून घेतल्यासारखं विचारतो, की आपण संपूर्ण यंत्रमानव नाही, सजीव म्हणून जन्माला आलो आहोत आणि लोक ज्याला आत्मा म्हणतात ते आपल्याकडे आहे, याची खात्री द्या. लोकीला आधी गंमत वाटते. मग चेहरा जरा बदलतो. आपण यंत्रमानव आहोत हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं का? आणि समजा मी असलो, आणि मला माहीत नसलं, तर? तर हे यंत्र तुम्हाला आतून वितळवून टाकेल, असं शांतपणे सांगून तो माणूस म्हणतो, चला पुढे. समोर एक चौकट. पलीकडे जायला दोन-चार पावलं पुरतात, पण तेवढी टाकताना देवाला घाम फुटतो.

मालिका २०२१च्या जूनमध्ये आली, तेव्हा भाची सुट्टीला आमच्याकडे होती. या प्रसंगाला ती खळखळून हसली आणि पुढच्याच क्षणी म्हणाली, "मामा, आपल्याला कसं कळणार रे, आपण रोबो नाही ते?" मी पॉज केलं आणि आम्ही अर्धा तास त्यावर बोलत बसलो. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाने १९६८च्या एका कादंबरीत हाच प्रश्न घातला होता, आणि १९८२ साली त्यावरून 'ब्लेड रनर' हा सिनेमा निघाला. त्यात रेचल नावाची बाई चाचणीला बसते आणि ती माणूस नाही हे त्या चाचणीतून उघड होतं. 'लोकी'त या कादंबरीचं नाव कुणी घेत नाही. भिंतीवर पोस्टर नाही, कुठल्या पात्राचं आडनाव डिक नाही. आहे तो फक्त प्रश्न, आणि तो आमच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच रात्री भाचीने मला त्या भागावरचा एक व्हिडिओ दाखवला. 'तुमच्या नजरेतून सुटलेले सगळे ईस्टर एग', म्हणजे लपवलेले संदर्भ, अशा छापाचा. निवेदक धापा टाकत मोजत होता: या दारावरचा आकडा अमुक कॉमिकचा, ही वस्तू तमुक सिनेमातली, हा रंग ढमक्या दिग्दर्शकाचा. रोबोच्या चौकटीचाही उल्लेख आला, सात-आठ सेकंद. मग पुढचा आकडा. शाळेत बाई हजेरी घेत, तसं जुन्या विज्ञानकथाकारांचं चाललेलं. वेल्स? हजर. असिमॉव्ह? हजर. व्हर्न? गैरहजर, पुढच्या सीझनला येईल.

माझी तक्रार या हजेरीपटाबद्दल आहे. सुपरहिरो मालिका जुन्या विज्ञानकथांची आठवण काढतात, काढत राहणार. पण त्या आठवणीला आपण प्रेक्षक काय म्हणून स्वीकारतो? मला वाटतं, बहुतेक वेळा आपण फार स्वस्तात समाधान मानतो. एखादं नाव कानावर पडलं, ओळख पटली, 'अरे, हे मला माहीत आहे' म्हणून छाती जरा फुगली, की आपल्या लेखी श्रद्धांजली वाहून झाली. निर्मात्यांनाही हे समजलंय. नाव घ्यायला काही खर्च येत नाही. जुन्या गोष्टीने विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायला मात्र पटकथा लागते, नट लागतो, आणि प्रेक्षक अस्वस्थ होईल ही जोखीम पत्करावी लागते.

कुणी म्हणेल, मारामारी आणि रंगीत चड्ड्यांच्या मालिकांकडून एवढी अपेक्षा कशाला? अपेक्षा आहे, कारण विज्ञानकथा हे या मंडळींचं माहेर आहे. ही उपमा मी सैलपणे वापरत नाही, वंशावळच सांगतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधला जेरी सीगल हा शाळकरी पोरगा विज्ञानकथांचा वेडा होता. १९३२ साली त्याने 'सायन्स फिक्शन' याच नावाचं एक घरगुती मासिक काढलं, सायक्लोस्टाइल करून. १९३३च्या जानेवारीत त्यात एक कथा आली, चित्रं त्याचा मित्र जो शूस्टरची. कथेत एक वेडा शास्त्रज्ञ मंदीच्या काळात फुकट पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका कफल्लक माणसाला उचलून आणतो, त्याच्यावर रसायनाचा प्रयोग करतो, आणि त्या माणसाला दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवण्याची शक्ती येते. हा 'सुपरमॅन' खलनायक होता. पाच वर्षांनी, १९३८ साली, याच दोघांचा त्याच नावाचा नायक 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर गाडी उचलून उभा राहिला.

एवढ्यावर थांबत नाही. ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायझिंगर या दोन मित्रांनी १९३४च्या सुमारास विज्ञानकथा लेखकांसाठी एजन्सी काढली होती. श्वार्ट्झने लव्हक्राफ्टच्या कथा विकल्या, कोवळ्या रे ब्रॅडबरीच्याही विकल्या. वायझिंगर 'थ्रिलिंग वंडर स्टोरीज'चा संपादक होता. पुढे दोघेही कॉमिक कंपनीत संपादक झाले: वायझिंगरने सुपरमॅन सांभाळला, श्वार्ट्झने फ्लॅश या वेगवान नायकाला नव्याने उभं केलं. सुपरगर्लची १९५९ची पहिली कथा ज्या ऑटो बाइंडरने लिहिली, त्यानेच आपल्या भावाबरोबरच्या जोडनावाने १९३९ साली एका यंत्रमानवाची आत्मकथा लिहिली होती. तिचं 'आय, रोबॉट' हे शीर्षक पुढे असिमॉव्हच्या १९५०च्या संग्रहाला प्रकाशकाने लेखकाच्या मर्जीविरुद्ध देऊन टाकलं. म्हणजे उसनवारी तेव्हाही चालायची, फक्त घरातल्या घरात. एडमंड हॅमिल्टन आयुष्यभर आकाशगंगेच्या पल्ल्याच्या कादंबऱ्या लिहीत राहिला आणि मधल्या वेळात सुपरमॅनच्या गोष्टीही.

आज जिथे तिथे 'मल्टिव्हर्स', म्हणजे अनेक समांतर विश्वं, ऐकू येतं. सुपरहिरो जगात त्याची पायवाट पाडणारी गोष्ट म्हणजे १९६१ची 'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स'. लेखक गार्डनर फॉक्स, संपादक तोच श्वार्ट्झ. त्यात नवा फ्लॅश, बॅरी ॲलन, कंपनांचा वेग बदलून दुसऱ्या पृथ्वीवर जातो. तिथे त्याला जुना फ्लॅश भेटतो, ज्याच्या गोष्टी त्याने लहानपणी कॉमिकमध्ये वाचलेल्या असतात. मग त्या कॉमिकच्या लेखकाला हे कसं कळलं? बॅरी म्हणतो, फॉक्स नावाच्या लेखकाला झोपेत तुझी पृथ्वी दिसत असली पाहिजे. लेखकाने स्वतःलाच कथेत ओढून घेतलंय, आणि कल्पना कुठून येतात या प्रश्नाशी तो हसत हसत खेळतोय. २०१५ साली 'द फ्लॅश' मालिकेने दुसऱ्या सीझनच्या एका भागाला हेच शीर्षक दिलं आणि त्या अंकाचं मुखपृष्ठ जसंच्या तसं दृश्यात उभं केलं. आम्हा जुन्या वाचकांना गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू. पण फॉक्सचा तो झोपेतला लेखक मालिकेत आला नाही. कव्हर आलं, आतली कल्पना राहून गेली.

याच कुटुंबातली 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो' ही मालिका माझ्या म्हणण्याला फारच सोयीची आहे, कारण तिने हे दोन्ही प्रकार एका वर्षाच्या आत करून दाखवले.

पहिला प्रकार. २०१६चा एक भाग, 'द मॅग्निफिसंट एट'. काळात हिंडणारी टोळी १८७१च्या अमेरिकेत, डाकोटाच्या मुलखात जाते. काउबॉय, धूळ, गुत्ता, पिस्तुलं. प्रोफेसर स्टाइनला तिथे क्षयाने आजारी असलेला एक मुलगा दिसतो. भविष्यातलं औषध देऊन तो त्याला वाचवतो. इतिहासात हात घालायचा नाही हा नियम मोडून. शेवटी मुलाचं नाव कळतं: हर्बर्ट जॉर्ज वेल्स. टाळ्या. पुढे १८९५ साली टाइम मशीनची गोष्ट लिहिणारा माणूस काळप्रवाशांनीच वाचवला होता तर!

आता खरा वेल्स बघा. जन्म १८६६, लंडनजवळच्या ब्रॉमलीत. बाप चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान कसंबसं चालवणारा आणि जोडीला पैसे घेऊन क्रिकेट खेळणारा. सातव्या-आठव्या वर्षी पोराचा पाय मोडला, अंथरुणात पडून पुस्तकं वाचायची सवय लागली, आणि तिथून सगळं सुरू झालं. विशीत तोंडातून रक्त पडलं, डॉक्टरांना क्षयाचा संशय आला. खालच्या वर्गात जन्मल्याची सल त्याला आयुष्यभर होती. त्याच्या कादंबरीत वरच्या उन्हात बागडणारे नाजूक एलॉय आणि जमिनीखाली यंत्रं फिरवणारे मॉरलॉक आहेत, ते तिथून आलेले. श्रीमंत आणि मजूर यांच्यातली दरी आठ लाख वर्षं तशीच वाढत राहिली तर माणसाचं काय होईल, हे त्याला विचारायचं होतं. यंत्र हे नुसतं वाहन. पाच वर्षांचा ब्रॉमलीचा पोरगा डाकोटात काय करत होता, हा किरकोळ आक्षेप मी सोडून देतो. थट्टेखोर मालिका आहे, चालायचंच. पण ज्या माणसाने काळप्रवासाला वर्गाचा प्रश्न चिकटवला, त्याला पडद्यावर आणून त्या प्रश्नाचा एक शब्दही न काढणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच नमस्कार करून परत पाठवणं.

दुसरा प्रकार. २०१७च्या जानेवारीतला भाग. खलनायकांच्या धांदलीत विद्यार्थी जॉर्ज लुकस घाबरतो आणि सिनेमाचं शिक्षण सोडून देतो. आता 'स्टार वॉर्स' कधी बनणारच नाही. याचा परिणाम कुणावर होतो? रे पामर या शास्त्रज्ञावर. त्याचं डोकं चालेनासं होतं, स्वतःच बनवलेला सूट त्याला कळेनासा होतो. कारण लहानपणी तो सिनेमा पाहून तो विज्ञानाकडे वळला होता, आणि आता ते लहानपणच पुसलं गेलंय. इतिहासकार नेटची अवस्था तीच, त्याला इतिहासाचं वेड लावणारा, लुकसच्याच सिनेमांतला इंडियाना जोन्सही गेला. मग दोन दांडगी माणसं एका घाबरलेल्या पोराची मनधरणी करतात, की बाबा, तू सिनेमे काढ, आमचं आयुष्य त्यावर टांगलेलं आहे.

तसा हा भाग बावळट आहे. कचराकुंडीतली मारामारी वगैरे सगळं आहे त्यात. तरी वेल्सच्या भागापेक्षा मी त्याला शंभर पटींनी मानतो, कारण इथून तो उल्लेख काढून घेतला तर भाग कोसळतो. आणि त्यात एक खरी गोष्ट सांगितलीय: शास्त्रज्ञ नुसत्या प्रयोगशाळेत घडत नाही, आधी कुठल्यातरी काल्पनिक गोष्टीने त्याला पछाडलेलं असतं. ती गोष्ट बिचारी शास्त्रीयदृष्ट्या सपशेल चुकीचीही असू शकते. अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही हे रेला पुढे कळलंच असेल की.

'द फ्लॅश'मध्ये नावांची रेलचेल आहे. भविष्यातून आलेला खलनायक ज्या शास्त्रज्ञाचा चेहरा चोरतो त्याचं आडनाव वेल्स. कळणाऱ्याला कळावं म्हणूनच. 'ट्रिकस्टर्स' या २०१५च्या भागात 'स्टार वॉर्स'चा नायक झालेला मार्क हॅमिल खलनायक होऊन येतो आणि दुसऱ्या एका पोराला सांगतो, मी तुझा बाप आहे. हॅमिलला हेच वाक्य १९८० साली दुसऱ्या कुणीतरी ऐकवलं होतं. हशा पिकला, मीही हसलो. विनोदाचं काम त्याने केलं, त्याहून जास्त मागू नये. सगळ्याच उल्लेखांनी तत्त्वज्ञान सांगावं असा माझा हट्ट नाही. जेवणात चटणी लागते.

पण त्याच सीझनचा शेवटचा भाग बघा. बॅरी धावत भूतकाळात जातो, आईचा खून झाला त्या रात्री. दाराआडून तो बघतो, आत मोठ्या वयाचा तोच स्वतः खुन्याशी झुंजतोय. त्या दुसऱ्या बॅरीची नजर याच्यावर पडते आणि तो हाताने खुणावतो: नको, येऊ नकोस. हा दाराआडच थांबतो आणि आईला मरू देतो. सगळं संपल्यावर जवळ जाऊन तिला सांगतो, की मी तुझा मुलगा आहे, मी आणि बाबा ठीक आहोत.

या प्रसंगात कुणाचं नाव नाही. पण १९६७च्या एप्रिलमध्ये 'स्टार ट्रेक'चा जो भाग दाखवला गेला, हार्लन एलिसनने लिहिलेला, तो ज्याने पाहिलाय त्याच्या पोटात इथे गोळा येतो. भविष्यातून आलेला कॅप्टन कर्क १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये एडिथ नावाच्या बाईच्या प्रेमात पडतो. तिचा अपघात टळला तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. गाडी येते, डॉक्टर मित्र तिला वाचवायला झेपावतो, आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. आमच्या पिढीने 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर पाहिली, इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण ती मिठी कळायला इंग्रजी लागत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांनी बॅरी दाराआड उभा राहिला तेव्हा ती मिठी मला पुन्हा दिसली. हजेरीपटाच्या व्हिडिओत या प्रसंगाला आकडा मिळत नाही, कारण दाखवायला वस्तू नाही.

'वांडाव्हिजन' या सुपरहिरो मालिकेबद्दल सगळे बोलतात ते जुन्या कौटुंबिक विनोदी मालिकांच्या नकलेबद्दल. ठीक. मला तिचा शेवटचा भाग आठवतो, ५ मार्च २०२१चा. व्हिजन हा यंत्रमानव नायक; त्याची दोन रूपं, एक रंगीत आणि एक पांढरं, आकाशात एकमेकांना बदडत एका ग्रंथालयात घुसतात. पांढऱ्याला हुकूम आहे, व्हिजनला नष्ट कर. आणि मग रंगीत व्हिजन एक शांत मुद्दा काढतो: मी खरा व्हिजन नाहीच, मी वांडाच्या जादूने उभ्या केलेल्या या मायेच्या अटीवर टिकून असलेला, मग तुझा हुकूम मला लागू होतो का? दोघे मारामारी थांबवून वाद घालायला लागतात. थिसिअसच्या जहाजाचा जुना ग्रीक दाखला निघतो: एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का, आणि काढलेल्या फळ्यांपासून दुसरं बांधलं तर खरं कोणतं? पांढऱ्याच्या डोक्यात दाबून ठेवलेल्या आठवणी रंगीत व्हिजन मोकळ्या करतो, आणि पांढरा हुकूम विसरून निघून जातो.

प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाचा तो दाखला पकडून त्या आठवड्यात कितीतरी जणांनी तत्त्वज्ञान समजावलं. पण हा प्रसंग हाडामांसाने असिमॉव्हचा आहे. १९४२ साली एका कथेत त्याने यंत्रमानवाचे तीन नियम पहिल्यांदा मांडले, आणि नंतर आयुष्यभर ते नियम कुठे अडकतात, कुठे एकमेकांना छेद देतात, हुकमातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला की यंत्र कसं गरगरायला लागतं, यावरच लिहीत राहिला. त्याच्या गोष्टीत बंदुकीने फार काही सुटत नाही. हुकूम नीट वाचावा लागतो. अब्जावधी डॉलर मारामारीवर उभ्या केलेल्या उद्योगाने एका मोठ्या लढाईचा निकाल व्याख्येच्या प्रश्नावर लावला, आणि असिमॉव्हचं नावही घेतलं नाही. मी उठून सोफ्याजवळ उभा राहिलो होतो, तेही एकटाच घरात असताना.

आता उलट बाजू, आणि ती मला पूर्ण खोडता येत नाही. भाची म्हणाली, "मामा, तुला हे सगळं आधीच माहीत आहे म्हणून तुला प्रश्न दिसतो. मला आधी नाव तरी कळू दे." बरोबर आहे. डाकोटातला तो खोटा वेल्स पाहून जगात कुणीतरी खऱ्या वेल्सची कादंबरी उघडली असेल. उल्लेख हे दार आहे, आणि दारावर पाटी नसेल तर नवख्याने ते शोधायचं कसं? नाव न घेता प्रश्न घ्यावा हा माझा आग्रह एका अर्थी जाणकारांची चैन आहे. ज्याच्या घरात पुस्तकं होती, ज्याला कुणीतरी सांगणारं होतं, त्याच्यासाठीची.

म्हणून तर मी श्रेयनामावलीवर येतो. मराठीत साधा प्रबंध लिहिला तरी पहिल्या पानांत ऋणनिर्देश असतो. ग्रंथपालापासून टंकलेखकापर्यंत सगळ्यांचा. या मालिकांच्या शेवटी नावं पाच-पाच मिनिटं सरकत राहतात. गाडी चालवणारे असतात, जेवण पुरवणारे असतात, आणि असायलाच हवेत. पण ज्या गोष्टीवर अख्खा भाग उभा आहे तिच्या लेखकाचं नाव तिथे क्वचितच सापडतं. वर स्ट्रीमिंगवाले ती नामावली कोपऱ्यात आकसून 'पुढचा भाग ५ सेकंदांत' अशी पट्टी पुढे करतात.

कायदा यात फार मदत करत नाही. कल्पनेवर मालकी नसते आणि नसलेलीच बरी. काळप्रवासावर वेल्सच्या वारसांनी भाडं वसूल केलं असतं तर निम्मी विज्ञानकथा जन्मलीच नसती. तरी वाद होतात. १९८४च्या 'टर्मिनेटर'मध्ये आपल्या कामाचा अंश आहे असं हार्लन एलिसनचं म्हणणं होतं. तडजोड झाली आणि सिनेमाच्या प्रतींवर त्याच्या लेखनाचा ऋणनिर्देश चढला. दिग्दर्शकाला ते आजतागायत पटलेलं नाही. पण एका ओळीने त्या सिनेमाचं काय वाकडं झालं? सीगल आणि शूस्टरची कथा तर सांगायलाच नको: १९३८ साली सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना गेले. दोघे म्हातारपणी हलाखीत आहेत हे जगजाहीर झाल्यावर, १९७५ साली, कंपनीने त्यांना वार्षिक तनखा आणि नावाचं श्रेय दिलं. आज सुपरमॅनच्या मालिकांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं दिसतात. ती भांडून मिळालेली आहेत.

माझी मागणी एवढीच: रॉयल्टी राहू द्या, भागाच्या शेवटी एक ओळ टाका. 'या भागातील कल्पना अमुक लेखकाच्या अमुक साली आलेल्या कथेच्या ऋणात आहे.' म्हणजे पडद्यावर नाव कोंबण्याची गरज उरणार नाही, कथेला प्रश्नाशी मोकळेपणी झुंजता येईल, आणि भाचीला दारावरची पाटी मिळेल. काही कथालेखक मुलाखतींतून अशी ऋणं उघड मान्य करतात. मुलाखत प्रसिद्धीचा भाग असते, ती वाहून जाते. भाग राहतो.

मराठी वाचकाला तर मल्टिव्हर्स हॉलीवूडने शिकवावं लागलं नाही. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या हिंदुस्थानात जाऊन पोहोचले त्याला कैक वर्षं झाली. विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही, आणि तेवढ्याने इतिहास दुसऱ्या रुळावर गेला. मुंबईच्या एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून पंत त्या परक्या जगाचा इतिहास वाचतात, आणि येताना खिशात बखरीचं एक पान घेऊन येतात. अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातून ही गोष्ट देशभरच्या पोरांनी वाचलीय. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, म्हणून विसरूनही गेलीत.

'लोकी'चा दुसरा सीझन २०२३चा. त्यात नायक १८९३च्या शिकागो प्रदर्शनात जातात. ते साल आणि ते गाव म्हटलं की आपल्याकडे विवेकानंद आठवतात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेतले; मालिकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिथे व्हिक्टर टाइमली नावाचा संशोधक आपलं यंत्र दाखवतोय. त्याची सगळी विद्या एका पुस्तकातून आली, जे लहानपणी कुणीतरी त्याच्या खिडकीतून आत टाकलं होतं. ते पुस्तक लिहिलं ओबी नावाच्या तंत्रज्ञाने. आणि ओबी म्हणतो, मला प्रेरणा मिळाली ती टाइमलीच्या कामातून. मग पहिल्यांदा विचार केला कोणी? रॉबर्ट हाइनलाइनने १९४१ साली एका कथेत हा वेढा इतका घट्ट आवळला होता, की त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या सैल वाटतात. 'लोकी'चीही सैलच आहे. दोघे एकमेकांचं कौतुक करतात आणि पटकथा पुढे पळते.

पण पाचव्या भागात हाच ओबी त्याच्या मूळ आयुष्यात दिसतो: १९९४, पॅसाडेना, नाव ए. डी. डग. भौतिकशास्त्रात पीएचडी, आणि न खपणाऱ्या विज्ञानकथांचा लेखक. लोकी त्याला सगळी हकिकत सांगतो तेव्हा तो ती कथालेखकासारखी ऐकतो. त्याचं म्हणणं असं, की विज्ञानात काय आणि कसं हे कळतं. कथेत विचारायचं ते का. लोकीला आपण धडपडतोय ते कशासाठी, हे त्या संभाषणातून कळायला लागतं. अख्खी मालिका त्या अपयशी लेखकाच्या एका शब्दावर वळते.

आणि त्याच्या ओळखीचं दृश्य कसं आहे? तो पुस्तकाच्या दुकानात शिरतो. कुणाचं लक्ष नाही असं बघतो. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती हळूच फळीवर, नामवंतांच्या शेजारी, सरकवतो. दुकानदाराच्या ते लक्षात येतं आणि डगला हाकलतात.

भाची इथेही हसली. मला मात्र क्लीव्हलंडचा तो पोरगा दिसत होता, शाईने हात बरबटलेला, सायक्लोस्टाइलच्या ओल्या प्रती वाळत घालणारा.